नावाचा रंग

गीतेच्या जुन्या हस्तलिखित पोथ्या चाळताना काळ्या ओळींच्या मधोमध तांबडी अक्षरे भेटतात. आरंभीचे नमन, श्लोकांचे आकडे आणि त्यांच्या बाजूचे दंड, अध्याय संपल्याची पुष्पिका आणि बोलणाऱ्याचे नाव, एवढ्या ठिकाणी लिहिणाऱ्याने बोरू बदललेला असतो. या लेखाचा विषय यांतला शेवटचा आहे. 'धृतराष्ट्र उवाच', 'संजय उवाच', 'अर्जुन उवाच', 'श्रीभगवानुवाच' हे चार तांबडे शब्द. नावाला रंग देणे ही वरवर सजावटीची बाब वाटते. प्रत्यक्षात तो वाचकाला दिलेला हुकूम असतो, आणि हुकूम कसला द्यायचा याबाबत निरनिराळ्या काळांत, निरनिराळ्या देशांत अगदी उलटसुलट निर्णय घेतले गेले आहेत.

माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे. पोथ्या वाचायला शिकलो ते रविवारच्या सुट्टीत, ओळखीपाळखीच्या घरांतल्या माळ्यांवर रुमाल सोडून. त्यामुळे या लेखात विद्यापीठीय शिस्त थोडी आणि हाताने पाने उलटलेली जास्त, असे होणार.

आधी तांबडा रंग कसा येई ते पाहू. काळी शाई काजळाची, घरोघर होणारी. तांबडी हिंगुळाची. हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक यांचे संयुग. ते खलात घोटायचे, धुवायचे, पुन्हा घोटायचे आणि डिंकाच्या पाण्यात कालवायचे. काम वेळखाऊ आणि द्रव्य विकतचे. म्हणून जिथे ऐपत नसे तिथे नाव काळ्यातच लिहून त्यावर गेरूचा हलका हात फिरवत. काही लेखनिक आधी सगळा काळा मजकूर उरकत, तांबड्यासाठी जागा कोऱ्या सोडत आणि मग एका बैठकीत त्या भरत. शहाणपणाचीच रीत, फक्त ती दुसरी बैठक कधीकधी व्हायची राहून जाई.

माझ्या पाहण्यातल्या एका पोथीत तसेच झाले आहे. दहाव्या अध्यायापर्यंत सगळी नावे तांबडी आहेत आणि अकराव्यापासून कोऱ्या जागा. पुढे कुणीतरी, बहुधा पारायण करणाऱ्यानेच, त्यातल्या बऱ्याच जागा निळ्या शाईने भरल्या. अकराव्या अध्यायाच्या पन्नासाव्या श्लोकाआधीची जागा मात्र त्याच्या नजरेतून सुटली. तो श्लोक संजयाचा आहे: वासुदेवाने अर्जुनाला असे सांगून पुन्हा आपले नेहमीचे रूप दाखवले, असे त्यात संजय सांगतो. त्याच्या आधीचे तीन श्लोक भगवंताचे. मधले 'संजय उवाच' गेल्याबरोबर भगवंत स्वतःविषयीच परक्यासारखे बोलू लागतात. दोन शब्दांची कोरी जागा आणि देवाच्या तोंडी निवेदकाचे बोलणे! ज्या पानावर शब्दाशब्दांत अंतर नाही, परिच्छेद नाही, अवतरणचिन्ह ही वस्तूच नाही, तिथे हे तांबडे शब्द किती मोठे काम करत होते, ते त्यांच्या गैरहजेरीत कळते.

आता मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट. सातशे श्लोकांच्या गीतेत धृतराष्ट्राच्या वाट्याला एक श्लोक येतो, अगदी पहिला. त्यात तो आपल्या मुलांना 'माझे' म्हणतो आणि पंडूच्या मुलांना वेगळे काढतो. सारा अनर्थ ज्या पक्षपातातून घडला तो त्या एका श्लोकात उघडा आहे. अशा माणसाच्या नावाला जो हिंगूळ, तोच 'श्रीभगवान' या नावाला. मी पाहिलेल्या पोथ्यांत भगवंताचे नाव अधिक गडद, अधिक मोठे किंवा वेगळ्या रंगात लिहिलेले नाही. तांबडा रंग सांगतो तो एवढेच: थांब, बोलणारा बदलला. बोलणारा कोण, कुठल्या पायरीवरचा, त्याचे किती ऐकायचे, हे रंग सांगत नाही.

पायरी सांगितलेली नाही असे नाही. ती भाषेत आहे. 'कृष्ण उवाच' असे गीतेत नाही; 'श्रीभगवानुवाच' आहे. बाकीचे तिघे नुसत्या नावाने बोलतात, हा एक पदाने बोलतो. आपल्या लीळाचरित्रातही हाच मार्ग दिसतो. चक्रधरांचे वचन आले की 'सर्वज्ञें म्हणीतलें' येते. नागदेव, बाइसा, महदाइसा आपापल्या नावांनी बोलतात. म्हाइंभटाला अधिकार दाखवायला शब्द पुरला. शब्द वाचावा लागतो. तो मजकुराचाच भाग असल्याने त्यावर विचार करता येतो, वाद घालता येतो, 'इथे भगवान का, कृष्ण का नाही' असा प्रश्न विचारता येतो. रंगाशी असा वाद घालता येत नाही. डोळ्याने तो टिपलेला असतो आणि मन त्यानुसार आधीच कललेले असते.

पोथीतल्या तिसऱ्या रंगाचा इथे ओझरता उल्लेख करतो, कारण तो आपल्या बोलण्यात अजून जिवंत आहे. चुकलेले अक्षर झाकायला पिवळी हरताळ लावत. सोमलाच्या वर्गातले हे खनिज. कागदही पिवळसर असल्याने डाग फारसा उठून दिसत नसे. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार या लेपातून आला. दुकाने बंद ठेवण्याचा हरताळ निराळा, तो हाटाला लावलेल्या टाळ्याचा. दोन्ही शब्द मराठीत एका रूपात येऊन बसले आणि अनेकांची समजूत अशी झाली की हरताळ फासणारे संपावर गेले असावेत.

हे सगळे आठवायला कारण घडले ते एका प्रकाशन संस्थेच्या पत्राचे. शाळकरी मुलांसाठी ज्ञानेश्वरीतल्या निवडक प्रसंगांची रंगीत आवृत्ती काढायची होती आणि तिच्या आराखड्यावर माझे टिपण हवे होते. आराखडा असा: श्रीकृष्णाच्या ओव्या आणि नाव भगव्या रंगात, अर्जुनाच्या निळ्या, संजयाच्या हिरव्या, ज्ञानदेवांचे स्वतःचे बोलणे तपकिरी आणि धृतराष्ट्र काळा. हेतू चांगला होता. मुलांना कोण बोलते आहे ते कळत नाही, हे शिक्षकांचे गाऱ्हाणे मीही ऐकले आहे आणि ते खरे आहे. मोठ्यांनाही कळत नाही. प्रश्न एवढाच, की त्या अडचणीवर हा उतारा लागू पडतो का. पानभर टिपण लिहायला बसलो आणि त्यातून हा लेख झाला.

या आराखड्याचा एक पूर्वज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. ग्रीक हस्तलिखितांत त्याचा क्रमांक ५४, आणि नव्या कराराच्या लघुलिपीतल्या हस्तलिखितांची जी जागतिक यादी आहे तीत १६. चौदाव्या शतकाच्या आसपासचे हे चार शुभवर्तमानांचे पुस्तक, शेजारी शेजारी ग्रीक आणि लॅटिन. पुढे ते कॅथरिन दे मेदिची या राणीच्या संग्रहात होते. त्याचे वैशिष्ट्य असे की त्यात बोलणाऱ्याच्या दर्जाप्रमाणे शाई बदलते. साधे निवेदन शेंदरी. येशूचे आणि देवदूतांचे बोल किरमिजी, क्वचित सोनेरी. जुन्या करारातली अवतरणे आणि शिष्यांचे बोल निळे. परुशी, रोमन शताधिपती, यहूदा आणि सैतान यांचे काळे.

या यादीतला शताधिपती मला सोडवत नाही. ज्यांना ती कथा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. एका रोमन अधिकाऱ्याचा चाकर आजारी असतो. तो येशूला निरोप देतो की आपण माझ्या घरात पाऊल ठेवावे एवढी माझी योग्यता नाही, आपण नुसता शब्द उच्चारावा, तो बरा होईल. यावर येशू चकित होतो आणि भोवतालच्यांना सांगतो की एवढा विश्वास मला इस्राएलातही आढळला नाही. म्हणजे ज्याच्या बोलण्याला स्वतः येशूने शाबासकी दिली त्याचे ते बोलणे या पोथीत सैतानाच्या शाईत आहे. का? तो रोमन सैनिक म्हणून. तो काय बोलला हे शाई ठरवताना पाहिलेलेच नाही. तो कोणात मोडतो तेवढे पाहिले. गटाला रंग दिला की गटातल्या एकट्यादुकट्याचे असेच होते. बरे, ही पोथी कुणा अडाण्याची नाही. अतिशय खर्चाचे, देखणे काम आहे. तरी शताधिपतीच्या वचनापाशी रंग एक सांगतो आणि मजकूर दुसरेच.

छापील पुस्तकांत हाच विचार १८९९ साली न्यूयॉर्कमध्ये आला. 'ख्रिश्चन हेरल्ड'चे संपादक लुई क्लॉप्श यांनी येशूचे बोल तांबड्या शाईत छापलेला नवा करार काढला. दोन वर्षांनी संपूर्ण बायबल. ही पद्धत इतकी रुजली की इंग्रजी बायबलांत ती आजही सर्रास दिसते. इथे एकालाच रंग आहे, इतरांना काळा, त्यामुळे पॅरिसच्या पोथीइतकी उतरंड नाही. तरी एक पेच अटळ झाला. मूळ ग्रीकमध्ये अवतरणचिन्हे नाहीत. योहानाच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात येशू निकदेमाशी बोलतो आहे. ते बोलणे कुठे संपते आणि योहानाचे स्वतःचे निरूपण कुठे सुरू होते? काही भाषांतरकार पंधराव्या वचनाशी अवतरण बंद करतात, काही एकविसाव्याशी. मधले सोळावे वचन म्हणजे साऱ्या ख्रिस्ती जगात सर्वांत जास्त पाठ असलेले. ते येशूचे की योहानाचे? काळ्या पानावर ही संदिग्धता शतकानुशतके सुखाने नांदली. तांबडी शाई वापरायची म्हटल्यावर छापखान्यातल्या माणसाला निकाल द्यावाच लागला.

ज्ञानेश्वरीत असे पेच पानापानावर आहेत, आणि माझ्या मते तीच तिची प्रकृती आहे. गीतेचे 'उवाच' तिथे फक्त मूळ श्लोकांपुरते. ओव्यांत बोलणारा बदलतो तो बोलता बोलता. कृष्ण अर्जुनाला सांगतो, ते संजय धृतराष्ट्राला सांगतो, ते ज्ञानदेव श्रोत्यांना सांगतात. मध्येच श्रोते बोलतात, निवृत्तिनाथ बोलतात, ज्ञानदेव त्यांची क्षमा मागतात आणि पुन्हा कृष्णाचा धागा उचलतात. एकात एक बसवलेल्या डब्यांसारखे हे आवाज आहेत. कित्येक ठिकाणी एखादी उपमा कृष्ण देतो आहे की ज्ञानदेव, हे ठरवण्याची सोय नाही आणि ठरवून लाभही नाही.

एकच जागा जरा सविस्तर पाहू. नवव्या अध्यायाचा शेवट. मूळ गीतेत हा अध्याय भगवंताच्या श्लोकावर संपतो आणि दहावा 'श्रीभगवानुवाच' नेच उघडतो. मध्ये संजय नाही. ज्ञानदेवांनी इथे स्वतःहून एक प्रसंग घातला आहे. संजय एवढे सगळे सांगून धृतराष्ट्राकडे पाहतो, तर म्हातारा ढिम्म. पुराच्या पाण्यात बसलेला रेडा उठत नाही, तसा. संजय मान हलवतो आणि म्हणतो की इथे अमृताचा पाऊस पडला आणि हा इथे असूनही जणू शेजारच्या गावी गेलेला. पण लगेच त्याला आठवते की हा आपला अन्नदाता. असे बोललो तर वाचा विटाळेल. मग तो स्वतःच्या भाग्याचे नवल करतो, की यानिमित्ताने मला हा संवाद ऐकायला मिळाला. पाहता पाहता त्याच्या अंगावर काटा येतो, डोळे वाहू लागतात.

हे बोलणे कुणाचे? संजयाचे, पण तो ते मनातल्या मनात करतो आहे. धृतराष्ट्राला त्यातले काही ऐकू जात नाही. श्रोत्यांना ते ऐकवतात ज्ञानदेव, आणि रेड्याची उपमा सेवकाची की कवीची, हे सांगता येत नाही. आराखड्याप्रमाणे इथे हिरवा द्यायचा की तपकिरी? त्याहून मोठी गोष्ट अशी: संजयाच्या मनातले ओठांवर का येत नाही? समोरच्याच्या पदामुळे. आंधळ्या राजापुढे डोळस सेवक गप्प राहतो, आणि ते गप्प राहणे ज्ञानदेव आपल्याला ऐकवतात. दर्जा माणसाच्या तोंडाचे काय करतो, यावरच हा प्रसंग उभा आहे. त्याच पानावर आपण दर्जाप्रमाणे रंग लावून ठेवायचे म्हणजे ज्ञानदेवांनी जे अलगद उघडे केले ते पुन्हा झाकून टाकायचे. आणि धृतराष्ट्र काळा! त्या प्रसंगात तो एक शब्दही बोलत नाही. त्याचे बधिरपण पानावर काळ्या रंगात कुठे दाखवणार?

आता थोडे मराठीबाहेर. तांबडा रंग जगभर मानाचाच आहे असे समजून आपण बोलतो, ते खरे नाही. प्राचीन इजिप्तमध्ये मृतांच्या ग्रंथाचे शीर्षभाग तांबड्यात लिहीत, पण त्या तांबड्या ओळीत देवाचे नाव आले की लेखनिक पुन्हा काळी शाई घेई. तांबडा हा सेत या विध्वंसक देवतेचा, अनिष्टाचा रंग. उलट अपेप या शत्रुसर्पाचे नाव मुद्दाम तांबडे. जपानमध्ये नवराबायकोच्या जोडथडग्यावर दोघांची नावे कोरतात तेव्हा हयात असलेल्याचे नाव तांबड्याने भरतात आणि तो गेला की तो रंग काढून टाकतात. पूर्व रोमन साम्राज्यात तर सम्राट लिओ पहिला याने ४७० साली कायदाच केला की समुद्री शिंपल्यांपासून केलेल्या जांभळट-तांबड्या शाईने सही करण्याचा हक्क एकट्या सम्राटाचा. इतर कुणी ती शाई बाळगणे हाही गुन्हा. एकाच रंगाचे हे तीन निरनिराळे अर्थ. रंगाला स्वतःचा अर्थ नसतो, तो देणाऱ्याचा असतो, हे इथे उघड दिसते.

पण यांतले सर्वांत विचार करायला लावणारे उदाहरण चीनचे. तिथल्या राजसेवेच्या परीक्षेत मिंग आणि चिंग काळात उमेदवार काळ्या शाईत उत्तर लिही. मग उत्तरपत्रिकेवरचे नाव कागद चिकटवून झाकत, आणि कारकून ती संपूर्ण पत्रिका तांबड्या शाईत नकलून काढत. परीक्षकाच्या हाती जाई ती तांबडी नक्कल. हेतू हा की परीक्षकाला ना नाव दिसावे, ना हस्ताक्षर ओळखू यावे. प्रांताधिकाऱ्याचा मुलगा आणि शेतकऱ्याचा मुलगा, दोघेही त्याच कारकुनाच्या हातचे तांबडे. नक्कल करण्याची ही रीत त्याआधी सोंग काळापासून चालत आलेली. तेच राज्य बादशहाच्या शेऱ्यासाठी शेंदरी शाई राखून ठेवत होते, हे लक्षात घेतले तर गंमत वाटते. एका टोकाला रंग सर्वांत वरच्या माणसाची खूण, दुसऱ्या टोकाला तोच रंग माणसाची ओळख पुसण्याचे साधन. परीक्षेत वशिला चालतच नसे असा माझा दावा नाही. पण नाव दिसले की न्याय वाकडा होतो, एवढे त्या व्यवस्थेला कळले होते आणि त्यावर तिने खर्च केला.

आपल्याकडच्या कचेऱ्यांतही शाईला पायरी आहे. केंद्र सरकारच्या कार्यालयीन पद्धतीच्या पुस्तिकेत हिरवी वा तांबडी शाई वापरण्याची मुभा सहसचिव आणि त्यावरच्या अधिकाऱ्यांना, तीही विरळा प्रसंगी, अशी तरतूद आहे. आमच्या पिढीला हिरवी सही माहीत झाली ती दाखल्यांच्या खऱ्या प्रतीवर. राजपत्रित अधिकाऱ्याच्या त्या हिरव्या रेघोट्यांसाठी घातलेल्या खेपा विसरता येत नाहीत. २०१४ च्या सुमारास स्वतःच साक्षांकन करण्याची सोय झाली आणि तो हिरवा रंग सामान्य माणसाच्या आयुष्यातून बराचसा गेला. त्याहून खोल रुतलेला रंग शिधापत्रिकेचा. महाराष्ट्रात १ मे १९९९ पासून तिरंगी शिधापत्रिका आल्या: वार्षिक पंधरा हजारांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना पिवळी, त्यापुढे एक लाखापर्यंत केशरी, त्याहून वर पांढरी. दुकानदाराला किती धान्य द्यायचे ते एका नजरेत कळावे, हा साधा उपयोग. पण काही वर्षांतच बोलण्यात 'पिवळ्या कार्डाचे' आणि 'पांढऱ्या कार्डाचे' अशी माणसे तयार झाली. मिळकत बदलते, कार्डाचा रंग बदलायला मात्र तहसील कचेरीच्या खेपा लागतात, आणि तोवर माणूस त्याच रंगाचा राहतो. पॅरिसच्या पोथीतल्या शताधिपतीसारखा.

मी पोथ्यांच्या बाजूने बोलतो आहे म्हणून एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. चार बोलणाऱ्यांना एकच हिंगूळ, हा समभाव पानावरचा होता. ते पान कुणी हातात घ्यायचे, कुणी नुसते ऐकायचे आणि कुणी ऐकायचेही नाही, याच्या भिंती पानाबाहेर पक्क्या होत्या. चोखोबांच्या हाती कुणी पोथी दिली नाही. संतांच्या अभंगांत नाव येते ते म्हणूनच मला वेगळे वाटते. तिथे लेखनिक वरून नाव लावत नाही. बोलणाऱ्याने ते स्वतःच्या हाताने शेवटच्या चरणात विणलेले असते. जनाबाई स्वतःला नामयाची दासी म्हणवते. पद खालचे आहे, पण ते तिने स्वतः सांगितलेले आहे आणि जिथे सांगायचे तिथे, म्हणजे सगळे बोलून झाल्यावर, सांगितले आहे. तोवर आपण तिचे म्हणणे ऐकून चुकलेले असतो.

टिपणात मी शेवटचे उदाहरण दिले ते एकनाथांच्या 'हिंदू-तुर्क संवादा'चे. प्रकाशकांच्या यादीत पुढचे पुस्तक एकनाथांचे होते, म्हणून ते मुद्दाम घेतले. सोळाव्या शतकातल्या पैठणचे हे भांडण. तुर्क आपल्या दखनी हिंदुस्थानीत ब्राह्मणाच्या शास्त्रावर घसरतो, ब्राह्मण मराठीत त्याची उणी काढतो. दोघेही एकमेकांच्या देवाधर्माच्या कथा आणि आचार यांवर इतके बोचरे बोलतात की आज ते सगळे जाहीर वाचायला धीर लागेल. गंमत ही की दोघांचे युक्तिवाद हळूहळू एकमेकांसारखे होत जातात. एक जे विचारतो तेच दुसरा उलटवतो आणि शेवटी दोघांना पटते की आपण एकाच गोष्टीवर भांडत होतो. भांडण मिटते, भेट होते. बोलणारा कोण हे इथे भाषेवरूनच कळते, त्याला रंगाची गरज नाही. आता कल्पना करा की या संवादात एकाचे नाव आणि ओळी भगव्या, दुसऱ्याच्या हिरव्या छापल्या. आराखड्याच्या रीतीने तेच सुचणार, आणि संगणकावर ते दोन मिनिटांचे काम. आजच्या मुलाला ते पान दुरून दिसले तरी तो बाजू घेऊन बसेल. एकनाथांनी शेवटी जी भेट घडवली तिच्यापर्यंत तो पोहोचला तरी डोळ्यांसमोर दोन रंग तसेच राहणार, कारण मिठी मारलेल्या ओळीलाही कुठला तरी एक रंग द्यावा लागणार.

माझी सूचना जुन्या लेखनिकाकडून उसनी घेतलेली होती. बोलणारा बदलतो तिथे समासात त्याचे नाव द्यावे, सगळी नावे एकाच तांबड्यात, ओव्या सगळ्या काळ्या. जिथे बोलणारा नक्की कोण याबद्दल जाणकारांत दुमत आहे तिथे नाव देऊ नये, आणि शिक्षकांसाठीच्या पानावर त्या जागांची यादी द्यावी, म्हणजे वर्गात त्यावर बोलता येईल. नवव्या अध्यायाच्या शेवटी 'संजय, मनात' असे लिहावे, असेही सुचवले. उत्तर सौजन्याचे आले: विचार स्तुत्य आहे, परंतु मुलांना रंग आवडतात. पुढे कागदाचे आणि चाररंगी छपाईचे भाव चढले आणि पुस्तक एकरंगी निघाले, मुखपृष्ठ तेवढे रंगीत. नावे समासात आहेत, काळ्याच ठशात. नवव्या अध्यायापाशी 'संजय' आहे. 'मनात' हा शब्द जागेअभावी गळला.